पंधरा नंबरचा राजीनामा

१८ नोव्हेंबर
आजही बास्केटबॉल टीमच्या बेंचवर बसूनच. चौथ्या क्वार्टरला सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रॅक-पँट काढायला उठले तर म्हणाले, "पानी की बोतल देना." दिली.

तीन वर्षं झाली. फर्स्ट इयरला वाटायचं, सीनियर गेल्या की आपला नंबर. सीनियर गेल्या. आता मीच सीनियर, आणि नंबर लागला कुम्हारीहून बसनं येणाऱ्या लक्ष्मी साहूचा. जुलैपर्यंत तिला ट्रॅव्हलिंग म्हणजे बॉल न आपटता पळणं हे नाही, कुम्हारी ते भिलाई एवढंच ठाऊक होतं.

माझी जर्सी पंधरा नंबर, एक्सएल. सगळ्यांच्या जर्स्या रसमड्याच्या कुठल्याशा सळयांच्या फॅक्टरीनं दान दिलेल्या. पाठीवर फॅक्टरीचं नाव एवढं मोठं की खेळाडूच्या नावाला जागा नाही. माझ्या बाबतीत गरजही नाही.

२० नोव्हेंबर
प्रॅक्टिस सहाला. सर साडेसहाला. क्रीडा अधिकारी आहेत, म्हणजे बाकीच्यांनी वेळेवर यायचं. वर्मा सरांचा चष्मा नेहमी घरी असतो आणि शिट्टी नेहमी तोंडात. तीन वर्षांत एकच डावपेच शिकवला: "डिफेंस पे आओ!" आपण पुढे असू तरी, मागे असू तरी. एकदा टाइम-आउटमध्येही म्हणाले.

श्रेया तिवारी, कॅप्टन. यापुढे नुसती ति. दर दोन बास्केटनंतर पोनी सोडून परत बांधते. खेळते बरी, हे मान्य. पण बॉल आपल्या घरचा असल्यासारखी खेळते. मला "कप" म्हणते. कापगते हे आडनाव उच्चारणं यांना जड जातं, त्यातून कपगते, त्यातून कप. "कप, पानी." मग सगळ्या हसतात. तीन वर्षं तोच विनोद. यांची बुद्धीही बेंचवरच असते बहुतेक.

वही मराठीत लिहिते ते याच्यासाठीच. कोणाच्या हाती लागली तरी त्यांना अर्धंच कळेल.

२१ नोव्हेंबर
सेक्टरची, म्हणजे आसपासच्या कॉलेजांची, टूर्नामेंट दोन डिसेंबरपासून, आपल्याच ग्राउंडवर. माझी शेवटची. मार्चनंतर कॉलेज संपलं.

एकदा आत जायचंय. दोन मिनिटं पुरेत. हे कोणाला बोलले नाही. बोलावं एवढी त्यांची लायकी नाही.

आई विचारत होती, "तू खेळून राहिली का नुसती जाऊन राहिली वो?" म्हटलं, भूक लागली, वाढ.

२३ नोव्हेंबर
आज झालं ते नीट लिहून ठेवते.

दुर्गच्या कॉलेजसोबत फ्रेंडली. टेबलवर बाहेरचं कोणी नाही, म्हणून दोन्हीकडून ठरलं की आमचीच स्कोअरशीट धरायची. शीट मीच भरते. अक्षर चांगलं आहे आणि दुसरं काम नसतं.

शेवटची तीन मिनिटं. आम्ही दोननं पुढे. ति. नं त्यांच्या पोरीला सरळ ढकललं. शिट्टी. मी लिहिलं, पाचवा फाउल. पाच म्हणजे बाहेर.

ति. टेबलकडे आली. "चार हैं."
"पाँच."
"कप, चार हैं. ठीक से देख."
मी शीट फिरवून दाखवली. दुर्गवाल्यांचे सर पण आले बघायला, आता खोडायची सोयच नव्हती. ति. बाहेर गेली आणि आम्ही चारनं हरलो.

नंतर बेंचजवळ सगळ्यांसमोर: "तू हमारी टीम में है कि उनकी?"
मी म्हटलं, "टीम में कब थी? मैं तो बेंच में हूँ."
तिनं शीट ओढली आणि टराटरा फाडली. माझी शीट. तीन वर्षांत मी या टीमसाठी केलेलं एकमेव धड काम. मी बाटली फेकली. तिच्या गुडघ्याला लागली. नेम कधी नव्हे तो बरोबर.

सर धावत आले. दोघींना उभं केलं. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाले, "कल तक दोनों राजीनामा लिख के दो मेरे को. नहीं दिया तो टीम से बाहर."

राजीनामा द्या, नाहीतर काढतो. म्हणजे कसंही बाहेरच. सरांचं लॉजिक. शब्द मात्र आमचा वापरला, माझ्याकडे बघून. मराठी पोरगी आहे, हिला तिच्याच भाषेत हाकलावं, असा विचार केला असेल. तेवढी तरी माणुसकी.

ति. नुसती "जी सर" म्हणाली. कॅप्टनशिप चाललीय आणि बाई जी सर म्हणतेय. कणाच नाही.

२३, संध्याकाळ
रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून. इथं लिहिते, कारण इथं खोटं लिहून काय मिळणार. दोन मिनिटांसाठी तीन वर्षं सिमेंटच्या बाकावर बसले, आणि ती दोन मिनिटंही गेली.

बाबा सेकंड शिफ्टला. आईला विचारलं, राजीनाम्यात काय लिहितात? "मले का मालूम? नोकरी सोडाची चिठ्ठी राह्यते. 'माह्या मर्जीनं सोडून राह्यलो' असं लिवतेत. कावून, कोनाले पाह्यजे?" म्हटलं, मैत्रिणीला.

लिहिला. हिंदीतच, कारण सरांना मराठी काय डोंबल वाचता येणार. पण भीक मागितल्यासारखा नाही. खोचून लिहिलाय. उतरवून ठेवते:

"विषय: राजीनामा. महोदय, मैं बिना किसी दबाव के, अपनी मर्ज़ी से राजीनामा दे रही हूँ. आज के बाद मेरी तरफ़ से किसी को कोई तकलीफ़ नहीं होगी. तीन साल में इस टीम ने मुझे जो दिया, वह मैं कभी नहीं भूलूँगी. अश्विनी कापगते, जर्सी नंबर १५."

"जो दिया" वाचताना सरांना जरा तरी टोचायला हवं.

२४ नोव्हेंबर
काही कळेना.

सरांनी दोन्ही कागद प्रॅ. आधी सगळ्यांना वाचून दाखवले. म्हणजे लक्ष्मीकडून वाचून घेतले, चष्मा घरी. ति.चा असा: "फ़ाउल पाँच ही थे. मैंने ग़लत कहा और शीट फाड़ी. आगे से ऐसा नहीं होगा." आगे से! बाई टीम सोडून चाललीय आणि आगे से म्हणते. शाळेत काय शिकवलं हिला?

मग माझा. लक्ष्मीचा आवाज शेवटी ओला झाला. सर म्हणाले, "देखो, इसको कहते हैं राजीनामा. कपगते ने दिल से लिखा है." मग आम्हाला गळाभेट घ्यायला लावली. म्हटलं, हा निरोप समारंभ. ति.चे केस तोंडात गेले माझ्या. शांपूचा वास.

आणि मग सर म्हणाले, "चलो, वार्म-अप. और कल छह बजे, दोनों टाइम पे."

दोघी? राजीनामा दिलेल्या दोघी?

२६ नोव्हेंबर
कळलं. नामंजूर केला.

दुसरं काय असणार? अकरा जणींत एकीला धड शीट भरता येत नाही. बाकावरची गेली की बाकच रिकामा दिसतो, हे कळायला यांना माझा कागद लागला. तीन वर्षं पाणी पाजलं तेव्हा किंमत नव्हती.

आता मी सहाला येते ते उपकार म्हणून. सर "अच्छा है, आ गई" म्हणाले. मी मानही हलवली नाही. ति. आज मला लेफ्ट हँडनं ले-अप शिकवत होती. कप म्हणाली नाही, "अश्विनी" म्हणाली. घाबरलीय. लोक नमतात तेव्हा किती लाचार दिसतात.

ले-अप जमला. तीनदा.

२९ नोव्हेंबर
मरावंसं वाटतंय.

बाबांना सुट्टी. जेवताना मीच तोंड उघडलं. म्हटलं, "मी राजीनामा देल्ला, तरी सरांनी सोडलं नाही मले."

बाबांचा घास थांबला. "कायचा राजीनामा? भांडनगिंडन झालतं का कोनासंग?"
"हो. कॅप्टनसंग."
"तिच्याकडूनबी घेतला?"
"हो."

बाबा हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. आईनं पाणी दिलं. "अवं बाई, तो समझौत्याचा राजीनामा. आपल्या क्वार्टरमांगं त्या दोघाईचं नळावरून झालतं ना, थान्यात राजीनामा करून सुटले. मीच गेल्तो सही कराले. इकडं सोडाच्या चिठ्ठीले इस्तीफा म्हंतेत. इथं जलमली अन् तुले हे नाही मालूम?"

आई फणकारली, "मलेबी कुठं मालूम? आमच्या साकोलीकडं राजीनामा म्हंजे राजीनामा."

मी उठून गेले. वही काढली, कागदाची नक्कल परत वाचली. बिना किसी दबाव के. किसी को कोई तकलीफ़ नहीं होगी. जो दिया, कभी नहीं भूलूँगी. इतकी गोड माफी या ग्राउंडवर कोणी मागितली नसेल. आणि मी मागितलीच नव्हती!

ति.नं मागितली. खरी. पाच फाउल होते असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. मी व्याकरण तपासत बसले.

आता त्या सगळ्या माझ्याशी चांगलं वागतायत ते माझ्या मोठ्या मनामुळे. ते मन माझ्याकडे नाहीच. चुकून मिळालेल्या मानावर बाकावर बसू? त्यापेक्षा "कप" बरं होतं. ते निदान मलाच म्हणत होत्या.

३० नोव्हेंबर
नवीन कागद लिहिला. या वेळी बाबांच्या डिक्शनरीप्रमाणे. "विषय: इस्तीफ़ा. मुझे इस टीम में नहीं रहना. पहले वाला काग़ज़ भी यही था, आप लोगों ने ग़लत समझा. मैंने किसी को माफ़ नहीं किया है और किसी से माफ़ी नहीं माँगी है." खाली सही. घडी करून वर सरांचं नाव, ठळक.

पण अजून देणार नाही. ठरवलंय: परवा पहिली मॅच. सरांनी आत घातलं तर फाडून टाकायचा. नाही घातलं तर शेवटच्या शिट्टीनंतर हातात द्यायचा, सगळ्यांसमोर. तोवर ट्रॅक-पँटच्या खिशात.

१ डिसेंबर
कागद खिशात करकरतो. वाकलं की ऐकू येतो. लक्ष्मीनं विचारलं, दीदी, चिप्स हे का? हिला खाण्यापलीकडे काही सुचत नाही.

सरांनी उद्याची पहिली पाच नावं सांगितली. मी नाही. अपेक्षाही नव्हती. होती.

२ डिसेंबर
जिंकलो. पाचनं. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी ति.चे चार फाउल झाले. या वेळी तिनंच बोटं दाखवली, चार, आणि स्वतःहून बाहेर आली. धापा टाकत सरांना म्हणाली, "सर, अश्विनी को डालो. मेरा एक ही बचा है, लास्ट के लिए रखती हूँ."

सरांनी वळून पाहिलं. मला वाटलं, पाण्याची बाटली.

"कापगते. जाओ."

कापगते. अक्खं, आणि बरोबर.

ट्रॅक-पँट कशी काढली आठवत नाही. लक्ष्मीकडे फेकली आणि टेबलकडे पळाले. आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं कान बंद झाले. एक शॉट मारला तो रिंगला, बोर्डाला, कशालाच लागला नाही. एक बॉल पायावर आपटून बाहेर. मग त्यांच्या पोरीनं हातावर मारलं आणि मला दोन फ्री थ्रो. पहिला चुकला. दुसरा रिंगवर एकदा नाचला आणि आत.

एक पॉइंट. तीन वर्षांत एक. मी ओरडले. काय ओरडले कोण जाणे, मराठीत काहीतरी. सर शिट्टी काढून ओरडत होते, "डिफेंस पे आओ!" आणि मला पहिल्यांदा कळलं की ते माझ्यासाठी आहे. मी मागे धावले.

साडेचार मिनिटं खेळले. बाहेर आले तर आमच्या टीमची शीट ति. भरत होती. अक्षर गचाळ. पण पंधरासमोर लिहिलं होतं: कापगते, १. त्या एकाभोवती गोल केला होता.

मला खेळायचंय. परवाही. जितकं मिळेल तितकं. हे लिहायला लाज वाटत नाही आज.

जिंकल्यावर नाचून झालं, फोटो झाले. सर गेले. लक्ष्मीनं ट्रॅक-पँट नीट घडी करून आणून दिली. खिशात हात घातला. रिकामा.

"लक्ष्मी, इसमें एक काग़ज़ था."

पोरगी खूश. "हव दीदी, गिर गे रिहिस. ऊपर मा सर के नाव रिहिस, त मैं सर ला दे देंव."

"पढ़ा उन्होंने?"

"कहाँ ले? चश्मा त घर मा हे. बड़ हाँसिस. कहिस, फेर राजीनामा? बढ़िया लिखती है कापगते, घर जाके आराम से पढ़ूँगा. अउ जेब मा रख लिस."

म्हणजे कागद न वाचता सरांच्या खिशात, घरी. मी ति.कडे पाहिलं. ती पोनी बांधत होती. हसली माझ्याकडे बघून. मी पण हसले बहुतेक.

घरी आले तशी लिहायला बसले. आत्ता सव्वासहा. सरांचं घर हुडको कॉलनीत, स्कूटीनं दहा मिनिटं. आईकडे किल्ली मागितली तर ती म्हणते, "आता कुठं चालली वो? जिंकल्या ना तुमी?" तिला काय सांगू? सरांना तरी काय सांगणार, तेही सुचत नाही. सर, ते राजीनामा समजून वाचा?

पण त्या कागदात या वेळी एकही शब्द चुकलेला नाही.