दहा छर्रे, तेरा भोकं

बुधवार, ७ जानेवारी २०२६

जागा एकच! स्टोअरमध्ये एक कायम जागा निघाली आहे आणि कंत्राटी माणसं दोन — मी आणि डिस्पॅचची दीपमालाताई. परीक्षा नाही, मुलाखत नाही. एचआरच्या प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, "खुर्चीत बसलेला माणूस कळत नाही. बाहेर काढल्यावर कळतो." म्हणून शनिवार-रविवार बाहेर काढणार. टेकडीवर ओरिएंटिअरिंग, मग डोंगर चढणे, मग एअर रायफलची स्पर्धा. सगळ्याला गुण. प्रत्येक कंत्राटी माणसाच्या जोडीला एक अधिकारी. माझ्या जोडीला केयूर सर, आमचे खातेप्रमुख. माझ्यावर अहवालही तेच लिहिणार.

चार वर्षं मी हडपसरच्या या स्टोअरमध्ये वॉशर आणि बेअरिंग मोजतो आहे. ते मोजायला रायफल कशी उपयोगी पडेल, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

'ओरिएंटिअरिंग' हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेला सापडला. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात ठरलेल्या खुणा शोधायच्या, असा खेळ आहे. मी वहीत 'दिशाशोध' लिहिणार.

शुक्रवार, ९ जानेवारी

पिशवी तीनदा भरली. शिट्टी, टॉर्च, सुई-दोरा, दोन पेनं (एक वाळलं तर), ओआरएस.

आईला बार्शीला फोन केला. "बंदूक कशाला रे? तुमच्या स्टोअरला दरोडा पडणार हाय का?"

कायम झालास की कळव, म्हणाली. देवापुढे नारळ काढून ठेवलाय म्हणे.

शनिवार, १० जानेवारी

सकाळी साडेसहाला वेताळ टेकडी. थंडी कडाक्याची. फलकावर 'नेतृत्व शिबीर'. शिबिर! दोन्ही ऱ्हस्व! कोणाला सांगितलं नाही.

शिबिर चालवणारे संभाजीमामा, निवृत्त हवालदार, साताऱ्याकडचे. त्यांनी समजावलं — नकाशावर आठ खुणा आहेत. प्रत्येक जागी नारिंगी-पांढरं कापड लटकवलंय, त्याला भोक पाडायचा पंच बांधलाय. आपल्या कार्डावर आठ पंच मारून दीड तासात परत यायचं. "आधी नकाशा उत्तरेला लावा. मगच पाय उचला. नाहीतर पाय लई आणि टेकडी थोडी, असं हुतं."

केयूर सरांनी नकाशाची घडी घालून खिशात ठेवली. "उत्तरेश्वर, मी शनिवार पेठेत जन्मलोय. पुण्यातल्या टेकडीवर मला नकाशा दाखवणार हे?"

पहिल्याच वळणावर सर म्हणाले, ही उत्तर. सूर्य त्याच बाजूने वर येत होता. मी सूर्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. अहवाल सूर्य लिहिणार नव्हता. "हो सर," म्हणालो.

चाळीस मिनिटांत एकाच बाकापाशी तिसऱ्यांदा आलो. बाकावर कानटोपी घातलेले एक आजोबा बसलेले. सरांनी विचारलं, "काका, इथे कुठे नारिंगी कापड पाहिलंत का?"

"पाहिलं की. मघाशी आपण त्यालाच टेकून पाणी प्यायलात."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"आपण विचारलं नाहीत. मला वाटलं, ओळखीचं असेल."

आठपैकी तीन! दीपमालाताई आणि प्रियदर्शनी मॅडम एका तासात आठही मारून चहा पीत होत्या. ताई म्हणाली, "सोपं होतं की. नकाशा मी धरला. मॅडमला म्हणलं, तुम्ही फक्त माझ्या मागनं या."

सर मॅडमना म्हणाले, "आमचा उत्तरेश्वर दिशांच्या बाबतीत जरा गोंधळतो. मी त्याला त्याच्या गतीने शिकू दिलं."

मी मान हलवली. होकारार्थी.

दुपारी बसने खडकवासल्यापलीकडच्या एका डोंगराच्या पायथ्याशी. सरांकडे दोन काठ्या, गुडघ्याला पट्टे, पावलं मोजणारं घड्याळ. पहिल्याच टपरीवर गरम कांदाभजी निघाली. सर बसले. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "हे बांध आणि वर जाऊन ये. पावलं व्हायला हवीत."

मी वर जाऊन आलो. सरांची अकरा हजार पावलं झाली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. सरांनी हात वर केला, बोटांना भज्यांचं तेल.

रविवार, ११ जानेवारी

दोनदा लिहून खोडलं.

नीट क्रमाने लिहितो.

सकाळी नेमबाजी. दहा मीटरवर कागदाची कार्डं एका ओळीत लावलेली, मधोमध काळं वर्तुळ. दोन कार्डांच्या मध्ये एकेक खांब आणि खांबावर आकड्याची पाटी. माझा नंबर चार, शेजारी सरांचा पाच. प्रत्येकाला दहा छर्रे. संभाजीमामांनी एकेकाला रायफल धरायला शिकवलं. "अर्धा श्वास सोड. थांब. मग बोट आपोआप येतंय."

मी अर्धा श्वास सोडला आणि डोक्यातलं सगळं बंद झालं! दार लावलं का, पेन वाळलं का, सर काय म्हणतील, काही नाही. असं कधी होत नाही. वर्तुळ आणि मी. दहाही छर्रे कसे गेले ते कळलंच नाही. जरा तिरकं वाटलं होतं. म्हटलं, मीच तिरका उभा असेन.

मग मामा कार्डं घेऊन आले.

"चौथं कोरं. पाचव्यावर तेरा भोकं." सरांकडे वळले. "साहेब, छर्रे दिले दहा. भोकं तेरा. कंपनीत उत्पादन असंच वाढवता व्हय?"

मला लगेच कळलं. आमच्या स्टोअरमध्ये पाटी डावीकडे आणि तिचा खण उजवीकडे. तो नियम मीच केलाय, दोन वर्षांपूर्वी, कारण लोक भलत्याच खणात माल टाकायचे. रोज शंभर वेळा मी पाटी वाचतो आणि उजवीकडे हात घालतो. इथे उलटं होतं. पाटी कार्डाच्या उजवीकडे. मी चार वाचला आणि सवयीने त्याच्या उजवीकडच्या कार्डावर मारत राहिलो. सरांच्या कार्डावर!

दहा भोकं मधल्या वर्तुळात, एका रुपयाखाली झाकतील इतकी जवळ. बाकीची तीन अगदी कडेला, जेमतेम कार्डाला लागलेली. ती सरांची. सरांचे उरलेले सात भिंतीला.

मामांनी विचारलं, "गड्या, तू कुठं मारलेस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सर पण. सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"नक्की... सांगता येत नाही," मी म्हणालो.

मामांनी पाचवं कार्ड उजेडासमोर धरलं. मग म्हणाले, "नियम असाय. कुठला छर्रा कुणाचा ते कळंना, तर ज्याचं कार्ड, त्याला त्यातले चांगले दहा द्यायचे. साहेबांना शंभरात शहाण्णव. तुला भोपळा."

सर म्हणाले, "एनसीसीत होतो एक वर्ष. हात अजून आहे म्हणायचा!"

त्यांना चषक. दीपमालाताईला एकाहत्तर. मॅडमनी माझ्याकडे बघून वहीत काहीतरी लिहिलं.

परतीच्या बसमध्ये ताई शेजारी येऊन बसली. "मुका आहेस का रे? तुझ्या नाकासमोरनं घेऊन गेले की!"

"अहवाल त्यांच्या हातात आहे, ताई."

"मग अहवालालाच दे छर्रे."

पुढचा सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. खरं तर आम्हा दोघांत तिचेच गुण जास्त. कितीतरी जास्त. तरी अजून माझा जीव त्या जागेत अडकलेला आहे, आणि हे तिला माहीत आहे.

सोमवार, १२ जानेवारी

सरांनी ते कार्ड फ्रेम करून केबिनमध्ये लावलं. तेराही भोकांसकट! पाहुण्यांना सांगतात, "तीन सरावाची आहेत."

माझा शेरा कळला. दिशाज्ञान: कमी. नेमबाजी: शून्य. एकाग्रतेचा अभाव.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. सर स्वतः स्टोअरमध्ये आले. असं चार वर्षांत झालेलं नाही. "घे तिळगूळ, गोड बोल." हात हातात धरून ठेवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. "तुझ्या जागेचं बघतो मी. शेरे काय, बदलता येतात."

तिळगूळ दुपारपर्यंत खिशातच होता. मग खाल्ला.

शुक्रवार, १६ जानेवारी

कंपन्या-कंपन्यांमधली नेमबाजी आहे, २५ तारखेला. मोठ्या साहेबांनी फ्रेम पाहिली आणि परस्पर सरांचं नाव दिलं. स्वतः बघायला येणार आहेत. सर दिवसभर केबिनमधून बाहेर आले नाहीत. दोनदा चहा मागवला, दोन्ही वेळा तसाच परत आला.

मंगळवार, २० जानेवारी

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. कार्डाकडे पाठ करून बसले.

"प्रत्येक कंपनीचे दोन स्पर्धक. दुसरं नाव मी तुझं दिलंय. सात नंबर तुझा, आठ माझा. शेजारी-शेजारी."

मी त्यांच्या पाठीमागच्या कार्डाकडे पाहिलं.

"त्या दिवशी जे झालं, तेच पुन्हा व्हायला हरकत नाही. होतात चुका माणसाकडून."

"पण सर, तेरा भोकं..."

"म्हणूनच मी एकही छर्रा मारणार नाही. नुसती रायफल धरीन. तू दहा मार, माझ्या कार्डावर. दहा छर्रे, दहा भोकं. हिशेब चोख! तुझं कार्ड कोरं राहील, पण तुझं नाव वाचायला कोण येतंय?" मग खालच्या आवाजात, "मोठ्या साहेबांनी फोटोवाला बोलावलाय रे."

मी बाहेर निघताना सरांनी ड्रॉवर उघडून एक कागद दाखवला. कायम नेमणुकीचं पत्र. माझं नाव. शुद्धलेखन अचूक. सहीची जागा तेवढी मोकळी.

"रविवारी संध्याकाळी करतो सही."

"हो सर."

गुरुवार, २२ जानेवारी

संध्याकाळी नेमबाजीच्या रेंजवर सराव. मी मारतो. सरांचा सराव वेगळा — रायफल उचलायची, एक डोळा मिटायचा, माझ्या रायफलचा आवाज झाला की आपला खांदा किंचित मागे न्यायचा. पहिल्या दिवशी खांदा उशिरा जात होता. आज जमलं. घामाघूम झाले होते. "वाटतं तितकं सोपं नाही हे," म्हणाले.

संभाजीमामा लांबून बघत होते. जाताना माझ्या पाठीवर नुसती थाप मारली. बोलले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २३ जानेवारी

आईचा फोन. न राहवून सांगून टाकलं, कायम झालोय, पत्र पाहिलंय. सही राहिलीय हे सांगायचं राहिलं. तिने नारळ फोडला. गल्लीत पेढे वाटले. मावशीने फोन हिसकावून विचारलं, "साहेब झालास का?"

शनिवार, २४ जानेवारी

माझ्या पत्राची बातमी फुटली. दुपारी दीपमालाताई डबा घेऊन समोर बसली. मला वाटलं, भांडेल. तिने मेथीची भाजी वाढली.

"अभिनंदन," म्हणाली.

"अजून सही..."

"होईल की. शहाण्णवाचा माणूस आहे तुझा." मग हसली, पण डोळे बघवले नाहीत. "माझं कंत्राट मार्चला संपतंय. लातूरला परत जाईन म्हणते. तिकडं टेकडी नाही, पण वाट सापडते मला."

"ताई, मी..."

"जेव आधी. गार होतंय."

जेवलो. चव कळली नाही. उद्या सकाळी आठ वाजता पोचायचं आहे. पिशवी भरली. एकदाच भरली.

रविवार, २५ जानेवारी

शंभरात सत्त्याण्णव. सात नंबरच्या कार्डावर.

आठवं कोरं. सरांचे दहाही छर्रे डबीत, खांदा मात्र दहा वेळा वेळेवर मागे गेला. मोठे साहेब, फोटोवाला, सगळे कार्डाकडे बघत उभे.

सर दात आवळून म्हणाले, "उत्तरेश्वर, चुकलास!"

"नाही सर."