सोडून गेल्याचे कारण

२१ नोव्हेंबर २००५, सोमवार

फार उशिरा लिहायला बसलो. माफ कर. जुलैपासून तुझी पानं कोरीच राहिली. केबल कंपनीनं फुकट दिलेली डायरी, तरी कोरी पानं उलटताना जीव चरकला. महापुराच्या आठवड्यात हात चालला नाही, आणि नंतर लिहायचं काय ते कळेना. पोरगा अजून आला नाही — रोज तेच काय लिहू?

आज लिहितो, कारण भीती वाटते आणि बायकोला, बसव्वाला सांगता येत नाही. आपलं कॉन्ट्रॅक्टरचं लायसन एकतीस डिसेंबरला संपतं. लायसन माझ्या फर्मच्या नावावर, पण ते उभं आहे संगमेशच्या परमिटवर. मी सातवी नापास. जन्मभर वायरिंग केलं तरी कागदावर मी वायरमनच. फर्मकडं परीक्षा पास झालेला सुपरवायझर पाहिजे. तो नसेल तर लायसन नाही.

आणि आमचा सुपरवायझर म्हणजे पोरगाच. जुलैच्या शेवटी, सकाळी माझ्याशी भांडून, वायरिंग तपासायचं मेगर पिशवीत घालून मोटरसायकलवरून शिरोलीच्या कामावर गेला. त्याच दिवशी हायवेवर पाणी चढलं. तो ना शिरोलीत पोचला, ना घरी आला. पोलिसांनी नोंद घेतली. "तरणा पोरगा हाय, जाईल कुठं? येईल," म्हणाले.

२४ नोव्हेंबर

तांबं परत चढलं! शाहूपुरीतला दुकानदार म्हणाला, "आप्पा, ह्यो वायरचा भाव आत्ताचा हाय. चहा पिऊन आलासा की बदलंल." आणि हसला. मला हसू येईना. धैर्यशील बिल्डरला बावड्याच्या बिल्डिंगचं काम गेल्या वर्षीच्या दरानं बांधून दिलं आहे. प्रत्येक पॉइंटला खिशातले जातात.

भांडण यावरच झालं होतं. संगमेश म्हणत होता, "आप्पा, दर बांधून देऊ नगा. बिनलायसनवाले निम्म्यात करत्यात, आन आपण लायसनला उदबत्ती लावत बसलोय. बंद करा ही फर्म!" मी म्हटलं, "बंद करायला ती तुझ्या बानं काढली हाय व्हय?" मग दोघांच्याही लक्षात आलं की बा मीच. बसव्वा चुलीपाशी हसली. तो हसला नाही. पिशवी उचलून गेला.

२५ नोव्हेंबर

लोडशेडिंग. इलेक्ट्रिकवाल्याच्या घरात मेणबत्ती! डोळ्यांना दिसत नाही. उद्या.

२९ नोव्हेंबर

गणपतराव आले. माझ्याच वयाचे, माझ्याच धंद्यातले. लायसन रिन्यू करायचा फॉर्म त्यांनीच आणला. म्हणाले, "आता गप बसून भागत न्हाय. एखादा डिप्लोमावाला नावापुरता घ्या. म्हैन्याला त्याच्या हातावर कायतरी टेकवायचं, त्याचं परमिट लावायचं. निम्मं मार्केट असंच चाललंय की."

मी म्हटलं, फर्मवर संगमेशचं नाव आहे.

"मग ते काढायचं की!"

बोलून गेले, आणि मग त्यांनाच उमगलं. बराच वेळ चहाच्या कपात बघत बसले.

ते गेल्यावर फॉर्म वाचला. नवा सुपरवायझर लावायचा तर जुन्याचं नाव कमी करावं लागतं. त्याला रकाना आहे — सोडून गेल्याचे कारण. राजीनामा असेल तर त्याची सही. सही नसेल तर दुसरा एक शब्द छापलाय. तो मी इथं लिहिणार नाही. त्याला दाखला जोडावा, म्हणे. कसला दाखला ते मला कळतं.

फॉर्म कपाटात ठेवला. देवाच्या कपाटात नाही, मीटरच्या.

२ डिसेंबर

धैर्यशीलनं बावड्याला बोलावलं. साखर कारखाना सुरू आहे, सगळीकडं मळीचा वास. बिल्डिंगचं काम झालंय. मी स्वतः अर्थिंग तपासलं, बल्ब लख्ख पेटला. पण वीज कंपनीकडनं मीटर मिळायला टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि त्यावर सुपरवायझरची सही.

"आप्पा, संगू कुठाय?"

"गावाला गेलाय."

"कुठल्या ओ गावाला? पुरापासनं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमीच मारा की त्याची सही. कोण बघतंय?"

रिपोर्ट पुढं केला. पेनही दिलं. पकडलं तर लायसन जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगू? त्याच्या नावाची सही मी करायची म्हणजे तो ती कधी करणार नाही, हे मी मान्य केल्यासारखं होईल. पेन परत दिलं.

"मग मी दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघू का?"

जिन्यावरून उतरताना कठडा धरून उतरलो.

९ डिसेंबर

हायवेच्या पुलाजवळ गाळ काढताना मोटरसायकल सापडली आहे. रिक्षावाला आकाराम आत्ताच दारातून सांगून गेला. गाडी कुणाची ते कळत नाही म्हणतो. बसव्वा मठात गेली आहे. तिला कळायच्या आत जाऊन येतो.

तोच दिवस, संध्याकाळ

नव्हती.

नंबरची पाटी वाकलेली, वाचता येईना. माणसं म्हणाली, "पावणं, लांब ऱ्हावा, चिखल हाय." मी ऐकलं नाही. खाली बसून टाकी बोटानं चोळली. गाळ, गाळ, आणि मग लाल रंग निघाला. आपली काळी. तिथंच चिखलात बसकण मारली. कुणाची तरी असणार ती. कुणाचा तरी बाप यायचा असेल. तरी मला बरं वाटलं — माफ कर, पण वाटलं.

घरी आलो तर बसव्वा उंबऱ्यात उभी. माझ्या धोतराकडं बघितलं. "न्हवती न्हवं?"

तिला कुणी सांगितलं देव जाणे.

"माझा पोरगा पाण्यात गाडी घालणारा न्हाय," ती म्हणाली. "लई भित्रा हाय. तुमच्यावाणी."

१४ डिसेंबर

फॉर्म बाहेर काढला. परत आत ठेवला.

२१ डिसेंबर

धैर्यशीलनं बावड्याचा रिपोर्ट दुसऱ्याकडून करून घेतला. वायर आम्ही ओढली, शिक्का त्याचा. गणपतराव म्हणाले, "असंच हुणार आता. सांगत न्हवतो?" सांगत होते.

आज बसव्वानं फॉर्म बघितला. "ह्यात काय लिवलंय, वाचा." मी वाचलं. त्या रकान्याशी आलो आणि खोकला काढला. पण तिनं बोट ठेवलं तिथंच. मग वाचावं लागलं. दोन्ही शब्द.

तिनं पदरानं कपाटावरची धूळ पुसली.

"मोकळा ठेवा त्यो रकाना. पोराचं नाव हाय तिथं ऱ्हाऊ दे."

"अगं, सुपरवायझर हजर करा म्हणाले तर?"

"तर म्हणावं, आमीबी त्येच म्हणतोय. हजर करा!"

"लायसन जाईल."

"जाऊ दे की. लायसनला काय मी दूध पाजलं न्हवतं."

मी पाजलं, असं म्हणणार होतो.

२७ डिसेंबर

संगमेशचं नाव तसंच ठेवून फॉर्म भरला. अक्षर वेडंवाकडं आलं. खोटं लिहिलंय का खरं, मलाच कळत नाही. पकडलं तर? काळ्या यादीत घालतात म्हणे.

३० डिसेंबर, सकाळ

शर्ट इस्त्रीचा घातलाय. निघतो. बसव्वाही लायसनच्या ऑफिसापर्यंत येतेय, तुला पिशवीत घेतलंय. बसव्वानं कपाळाला विभूती लावली आणि म्हणाली, "ताठ चाला."

३० डिसेंबर, दुपार

कारकुनानं फॉर्म बघितला, यादी बघितली आणि केवढ्यानं ओरडला! "आप्पा, खेळ लावलाय व्हय? हा माणूस भोसरीच्या फर्मवर आहे. एक सुपरवायझर दोन फर्मवर चालत नाही. तुमचं रिन्यू होणार नाही."

कधीपासून, विचारलं.

"सप्टेंबर. पुण्याच्या ऑफिसात स्वतः हजर राहून सही केलीय."

सप्टेंबर! पूर जुलैत आला होता.

त्यानं कारण काय लिहिलंय, ते विचारलं. "जुनी फर्म बंद पडली." मी हसायला लागलो. मग हसू थांबेना आणि डोळेही थांबेनात. कारकून घाबरला, त्यानं स्वतःची खुर्ची दिली.

लिहू दे त्याला. उद्या पडेलच बंद.

बसव्वा बाहेर उभी आहे, तिला कसं सांगू म्हणून इथं बाकावर बसून आधी तुला लिहितोय. संगू, रागानं राहिलास तर राहा. घरी ये म्हणत नाही. पण एका ओळीचा निरोप धाड रे, लवकर धाड. तुझ्या अव्वाला धाड. मी वाचून दाखवीन.