गळ्याचे घट्ट टाके

ओटलँड्स, टास्मानिया
३ जून

प्रिय नोला हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

पत्राला निमित्त लोकरीचं. रविवारी कपाट उघडलं आणि लोकरीचं पोतं अंगावरच आलं. केन असता तर म्हणाला असता, की या लोकरीपेक्षा मेंढ्या परवडल्या, त्या निदान कुंपणात तरी राहतात. तर आता ठरवलंय, शिल्लक लोकर संपेपर्यंत नवी आणायची नाही आणि अर्धवट टाकलेलं एकेक तडीस न्यायचं. तुझ्या क्रेगच्या जन्माआधी सुरू केलेलं दुपटंही सापडलं. त्याला आता टक्कल पडायला लागलं, दुपटं अजून सुयांवरच!

पहिला पुरा झाला तो टेगनचा हिरवा स्वेटर. उद्या टपालात टाकते. तुझी नात अंगाला लावेल ना? हल्लीच्या पोरींना लोकर टोचते म्हणे.

इथं थंडीचा नुसता कडाका पडलाय. तुझं घर ज्यांनी घेतलं त्यांनी फाटक निळं रंगवलंय, बघवत नाही. संसार अर्ध्यावर टाकून केन गेला, तेव्हापासून संध्याकाळ सरता सरत नाही गं. रेडिओशी भांडून बघितलं, तो उलटून बोलत नाही. तुझं बरं आहे, लेकाच्या भरल्या घरात आहेस.

लोभ आहेच, लोकरीसारखा साठवू मात्र नकोस.
तुझी,
ऊनाताई

जिलाँग
१६ जून

ती. ऊनाताईस,
सा. न. वि. वि.

स्वेटर मिळाला. टेगनला इतका आवडला की विचारू नकोस. त्याच दिवशी डोक्यावरून घातला तो अजून अंगावरच आहे. कॉलेजात मैत्रिणींनी विचारलं, तर माझ्या आजीच्या बहिणीनं विणलाय, असं ऐटीत सांगून आली.

मला इथं क्षणाची फुरसत नाही. क्रेग आणि सूनबाई दोघं कामावर, म्हणजे घर मीच सांभाळते. रात्री सगळे एकत्र जेवतो, म्हणजे ज्याची जशी वेळ होईल तसं. माझं ताट मी खोलीतच आणते, तिथं हीटर चांगला आहे. निळ्या फाटकाचं वाचून जरा वाईट वाटलं. गुलाबाचं झुडूप तरी ठेवलंय ना त्यांनी?

तुझी माया अशीच राहो.
तुझी,
नोला

ओटलँड्स
२३ जून

प्रिय नोला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी माफीचं पत्र लिहीत बसले होते. कशाबद्दल, ते ऐक. गळ्याचे टाके बंद करताना हात सैल ठेवायचा, हे आईनं आपल्याला कान पिळून शिकवलं. पण टेगनचा स्वेटर पुरा केला त्या संध्याकाळी टीव्हीवर फुटबॉल लागला होता, आपले लोक सपाटून हरत होते, आणि रागानं माझा हात आवळत गेला. टेगनचा आणि माझ्यासाठी विणत होते त्या स्वेटरचा, दोन्ही गळे मी त्याच बैठकीत बंद केले. माझा काल घालून बघितला, तर कपाळाशीच अडकला. आत अडकून मी एकटीच हसले, मग रडलेही. मापाला घरात दुसरं डोकंच नाही, म्हणून आधी कळलं नाही.

टेगनचा गळा त्याहूनही लहान आहे. त्यातून मांजराचं डोकं जाणार नाही. मग नोला, रोज अंगावर असतो तो कोणता स्वेटर गं?

मी रागावले नाही. खरं काय ते लिही. आणि जमलं तर इकडे निघून ये. मागची खोली रिकामी आहे. तुझ्यासाठी म्हणत नाही, मलाच हे घर खायला उठतं.

वाट बघते, एवढंच.
ताई

जिलाँग
२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लहानपणापासून तुझ्यापुढे माझं खोटं कधी टिकलंय! पुडकं दिलं तेव्हा टेगन गोड हसली, कानातली गाणी काही काढली नाहीत. आठवड्यानं ते न फोडलेलंच, धर्मादाय दुकानात द्यायच्या पिशवीत दिसलं. मी गुपचूप काढून आणलं. इथं वाईट कुणीच नाही गं. क्रेग रोज विचारतो, आई, सगळं ठीक ना, आणि उत्तर द्यायच्या आत जिना चढून जातो.

घर विकताना गावभर सांगितलं होतं, की लेक सोडायलाच तयार नाही. आता कुठल्या तोंडानं परत येऊ, या विचारात चार दिवस काढले. शेवटी काल क्रेगला भीत भीत म्हटलं, की ताईकडे जाऊन यावं म्हणते, थोडे दिवस. वाटलं होतं, एकदा तरी म्हणेल, आई, नको जाऊस. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. झकास कल्पना आहे म्हणाला, आणि उभ्या उभ्या फोनवरच बोटीचं तिकीट काढलं. परतीचं काढलं नाही. ते मग बघू म्हणाला.

शनिवारी सकाळी बोट डेव्हनपोर्टला लागेल. घ्यायला ये. वाटेत मला काही विचारू नकोस, नुसती तुझी बडबड चालू ठेव.

तुझी,
नोला