चुन्याखालचा ख्रिस्तोफर

४ मार्च १९७४

मिळाली! मंजुरी मिळाली! उत्तरेची भिंत, खिडकीच्या डाव्या अंगाला दार फोडायचं आणि पलीकडे संडास बांधायचा. एवढ्या जुन्या चर्चला पहिलावहिला संडास!

नवऱ्याला, सिरिलला सांगितलं तर पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "बांधून झाला की सांग." ऑपरेशन झाल्यापासून या माणसाला एका जागी बसवत नाही, सारखं लघवीला पळावं लागतं. चर्चला येणं बंद. आणि एक जूनला आमच्या रॉझचं लग्न! म्हणतो, "मुलीचा हात धरून आत जायचं नि मध्येच पळत सुटायचं? अख्ख्या गावासमोर? तुझ्या भावाला उभा कर." रॉझ फोन ठेवून रडली. आता जूनच्या आत संडास उभा राहिलाच पाहिजे. गवंडी रीव्हच्या मागे हात धुऊन लागलेय.

११ मार्च

मिस अल्डस दारात, काखेत फ्रेम. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाईंना जुन्या चित्रांचं वेड. नॉरिचच्या एका दुकानात त्यांना आमचंच चर्च सापडलं! शंभराहून जास्त वर्षांची शिळाछाप, म्हणजे दगडावर काढून कागदावर उमटवलेलं चित्र, वर हाताने रंग भरलेले. तीच उत्तरेची भिंत, मधोमध तीच खिडकी, आणि खिडकीच्या उजवीकडे थेट छताला टेकलेला संत ख्रिस्तोफर — खांद्यावर बाळ येशू, गुडघाभर नदी, पायांत मासे. सापासारखी एक वाम तर चक्क हसतेय! खाली बारीक अक्षरांत: "चुना खरवडताना आढळले. आता नष्ट."

"नष्ट कसलं!" बाई कडाडल्या. "कुणाला तरी लाज वाटली असेल, फासला पुन्हा चुना. तपासल्याशिवाय त्या भिंतीला हात लावू देणार नाही."

रीव्हला थांब म्हणून कळवावं लागलं.

२० मार्च

काही नाही! लंडनहून माणूस आला, छापेत संत दिसतो तिथे उजवीकडे हळूहळू खरवडलं — नुसता दगड. डावीकडे कुणी बघितलंच नाही. छाप समोर होती ना. बाईंचा चेहरा बघवत नव्हता, आणि मी मनातल्या मनात नाचत होते. छाप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुमच्याकडेच राहू दे." स्वयंपाकघरात टांगली. रीव्ह एक एप्रिलला घण घेऊन येतोय.

२७ मार्च

सिरिल उकडलेलं अंडं फोडता फोडता — "हा पोरगा डावखुरा आहे का गं?"

"कुठला पोरगा?"

"येशू. आशीर्वाद डाव्या हाताने देतोय."

बघितलं. खरंच की! जन्मात कुठल्या चित्रात, कुठल्या काचेत डाव्या हाताचा आशीर्वाद बघितला नाही. आणि एकदम चमकलं — बटाट्याचे ठसे! रविवारच्या शाळेत दर वर्षी पोरं अक्षर सुलटं कोरतात, कागदावर उलटं उमटतं आणि मी ओरडते. या चित्रकाराने तेच केलं! भिंत जशी दिसली तशीच दगडावर काढली, छापल्यावर सगळं उलटलं.

म्हणजे संत उजवीकडे नाहीच. डावीकडे आहे. जिथे दार फोडायचंय तिथे!

मी अंड्यावर मीठ टाकत राहिले.

२८ मार्च

कुणालाही सांगितलं नाही. ती वामसुद्धा आता मला हसतेय असं वाटतं.

२९ मार्च

नाही राहवलं. सिरिलला सांगितलं. इतका हसला की पळावंच लागलं. परत येऊन म्हणाला, "माझ्या मुतण्यासाठी संताच्या पोटातून दार फोडणार होतीस? धन्य आहेस! ऊठ, पाद्रीबाबांकडे जा."

"आणि रॉझचं लग्न?"

"तुझा भाऊ आहे की."

हे मात्र हसून म्हणाला नाही.

४ एप्रिल

सापडला!! आधी पायाचा अंगठा — माझ्या तळव्यापेक्षा मोठा! मग पाणी, मग मासे. मिस अल्डस हमसून हमसून रडत होत्या, पाद्री टडनम टाळ्या पिटत होते, आणि मी रीव्हला मिठी मारली, कोटभर चुना. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. हे सिरिलला कळता कामा नये.

संडास उजवीकडे जाणार. तिथे काही नाही हे सिद्धच झालंय! पण मंजुरी पुन्हा पहिल्यापासून. ऑगस्टच्या आधी नाही. सिरिल चित्र बघायलाही आला नाही.

१९ मे

संताचा चेहरा मोकळा झाला. काय प्रेमळ डोळे आहेत! पाद्रीबाबा म्हणाले, हा संत पूर्वी मुद्दाम दारासमोर काढायचे. जाणाऱ्या-येणाऱ्याने बाहेरूनच बघावं, म्हणजे त्या दिवशी अवचित मरण नाही, अशी समजूत. मग विचारलं, "सिरिल कसे आहेत?" माझा बांध फुटला. सगळं सांगितलं.

ते तडक घरी आले. "सिरिल, हे चित्र काढलं त्या काळी लग्नं चर्चच्या दारातच लागायची. बाप मुलीचा हात उंबऱ्यावर द्यायचा, मग जोडी आत. आपणही तसंच करू. माझं घर समोरच आहे. दार उघडं ठेवतो. संडासाचंसुद्धा."

सिरिल म्हणाला, "बघू." मला चहा करायला पिटाळलं. आतून दोघांचं हसणं ऐकू येत होतं.

१ जून

दारातच लागलं लग्न! सिरिलने रॉझचा हात दिला. मी समोर पाद्रीबाबांच्या घराच्या उघड्या दाराकडे बघत होते, आणि हा माणूस जोडीच्या मागोमाग चर्चमध्ये शिरला. संताच्या समोर जाऊन बसला. शेवटच्या स्तोत्रापर्यंत उठला नाही.