ऑलिव्हला हात न लावण्याची सुट्टी

सान लोरेन्झो, समुद्रकाठ
ऑक्टोबरअखेर

तीर्थस्वरूप एर्सिलिया ताईस,

धाकट्या आंपेलिओचा सायकलीवरून (खरं तर सायकलीशेजारी बसून) साष्टांग दंडवत. तुझे गुडघे आणि तुझा राग कसे आहेत ते कळव. गुडघ्यांना आराम पडला असेल अशी आशा आहे. रागाबद्दल आशा करत नाही.

ऐन ऑलिव्हच्या तोडणीत भाऊ सायकल घेऊन हिंडायला गेला, हे तुला लागणं साहजिक आहे. पण ताई, डेल्फिनाचीही बाजू बघ. लग्न झाल्यापासून दर शरदात ती दोल्चेदो गावातल्या तुझ्या बागेत शिडी धरून मान वर करून उभी असते. यंदा म्हणाली, “मला एकदा समुद्राच्या कडेकडेनं फ्रान्सपर्यंत जायचंय. हळूहळू, काही न करता. आणि वाटेत एका जरी ऑलिव्हला हात लावलास, तर मी एकटी जाईन. मग बस झाडाशी संसार करत!” मी शब्द दिला. (मनापासून दिला. तेव्हा जवळपास झाड नव्हतं.)

सुरुवात झकास झाली. ज्या रुळांवरून मी जन्मभर गाडीचा गार्ड म्हणून गेलो, ते उखडून तिथे आता सायकलींचा रस्ता केलाय. ऊन कोवळं, डावीकडे समुद्र, पुढे डेल्फिना गुणगुणत चाललेली. मी प्रत्येक जुन्या स्टेशनावर थांबत होतो, कारण आमची गाडी थांबायची. एका ठिकाणी तर समोरच्या गाडीचं क्रॉसिंग होईपर्यंत वाट पाहिली. डेल्फिनाने तेही चालवून घेतलं. बोगद्यात शिरताना मी सवयीने शिट्टी फुंकली तेव्हा मात्र समोरून येणारा एक जर्मन सायकलीसकट भिंतीला चिकटला.

गावाबाहेर सेकोंदोची बाग लागते (आपल्या मामाचा धाकटा, तोच, ज्याला काही म्हणता काही जमत नाही). त्याला टाळून जाणं शक्यच नव्हतं, कारण त्याच्या बायकोने आम्हाला लांबून पाहून पास्त्याचं आधण ठेवलंही होतं. जेवायला बसण्याआधी मी सहज बागेकडे पाहिलं. ताई, उतारावर फळं झेलायला जाळ्या अंथरताना त्या माणसाने वरच्या जाळीची कड खालच्या जाळीखाली खोचली होती! फळ पडलं की गडगडत येणार आणि थेट फटीतून मातीत! तूच सांग, आपल्या घरात जन्मलेला माणूस हे बघून पास्ता खाईल?

मी फक्त जाळीला हात लावला. जाळी म्हणजे ऑलिव्ह नव्हे. पण जाळी सरळ केली, ती नीट बसली की नाही हे झाड हलवल्याशिवाय कळणार कसं? हलवलं. मग वरच्या फांद्या राहिल्या, म्हणून काठी घेतली. काठी पोचेना, म्हणून शिडी.

“अहो भावजी, जेवण गार होतंय!” सेकोंदोची बायको ओरडत होती.

“राहू दे गं,” डेल्फिना म्हणाली, “त्याला तिथंच वर नेऊन वाढ.”

इतक्या शांतपणे म्हणाली, की मला ते प्रोत्साहन वाटलं.

खाली उतरलो तेव्हा तिची सायकल जागेवर नव्हती.

“वहिनी गेल्या, दादा,” सेकोंदो म्हणाला. “तोंड पुसलं नि निघाल्या.”

“कुठल्या दिशेला, गाढवा?”

“मी कुठं बघितलं? मी तुझी जाळी बघत होतो. काय बसलीय रे!”

तेव्हापासून मी इथेच आहे, ती परत येईल म्हणून. फोन उचलत नाही. ताई, मला फार वाईट वाटतंय. समुद्र तोच आहे, ऊन तेच आहे, पण पुढे कुणी गुणगुणत नसेल तर मी पॅडल मारू कशाला? (वेळ जावा म्हणून रोज तोडणी करतो. मन लागत नाही. सेकोंदोची बाग मात्र संपत आली.)

घरात सर्वांना यथायोग्य, मांजरीला जरा जास्त.

तुझा धाकटा,
आंपेलिओ

ता. क. खरं काम हे: डेल्फिना माझं ऐकत नाही, पण तुला वचकून असते. तिला फोन करून सांग, की आंपेलिओ पस्तावलाय आणि ऑलिव्हकडे पाठ करून बसलाय.

ता. क. २. वरचा फोन करू नकोस. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सेकोंदोच्या बायकोला तुमच्या पाववाल्याकडून कळलं, की डेल्फिना फ्रान्सच्या बाजूला वळलीच नाही. तुझ्याकडे आहे, विहिरीजवळच्या झाडावर चढून गातेय, आणि तुझ्या जाळ्या चुकीच्या अंथरल्यात म्हणून तुलाच झापतेय. पाववाल्याला म्हणाली म्हणे, “झाडाशीच संसार करायचा, तर परक्याच्या बागेत कशाला?”

ता. क. ३. तिला सांग, वरच्या फांद्यांना हात लावू नकोस, शिडी धरायला मी येतोय. ट्रक पाठव. सायकलने आलो तर वाटेत आत्याची बाग लागते.