हलवून, जेवणानंतर, खुणेपर्यंत

२५ ऑक्टोबर, शनिवार

झालं एकदाचं दुकानातलं काचेचं कपाट! तन्वी पुण्याला परत जायच्या आधी रात्रंदिवस खपून लावून गेली, आणि आज गिऱ्हाइकांनी पहिल्यांदा बघितलं. नानांचा पितळी तराजू, चिनीमातीचा खल, गोळ्या वळायची लाकडी पाटी, ‘विष’ लिहिलेल्या निळ्या बाटल्या. मधोमध मिक्श्चरची ती चपटी बाटली, अंगावर कातरलेल्या कागदाची पट्टी – एक खूण म्हणजे एक डोस. आत पिवळा दिवा, आणि प्रत्येक वस्तूखाली लेकीच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी. अख्खं बिट्टन मार्केट लखलखतंय, पण लोक थांबतात ते आमच्या दुकानाशी! एकाने विचारलं, भाभीजी, ये तराजू बेचेंगे क्या? म्हटलं, तराजू नाही भैया, खोकल्याचं औषध हवं तर देते.

दुपारी नाना खाली आले. सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या, अगदी सावकाश, आणि वर निघून गेले. भारावले असतील.

२६ ऑक्टोबर

भारावले नव्हते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आजही नाना दुकानात आले नाहीत. आजारपण सोडलं तर हा माणूस कधी घरी बसला नाही. शहाऐंशी वर्षांचे आहेत, तरी रोज दहा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर हजर. काउंटर मी सांभाळते, हिशेब अभिजीत बघतो, आणि नाना सगळ्यांना टोकतात. फार्मासिस्टची नोंदणीसुद्धा अजून चालू ठेवलीय, हौस म्हणून! मला सून करून आणली तीही माझी फार्मसी डिप्लोमाची मार्कशीट बघून. पत्रिका बघितलीच नाही.

अभिजीतने विचारलं, बाबा, काय बिनसलं? तर म्हणाले, “फोटोला हार घालायचा राहिलाय तेवढा.”

अरे देवा. आम्ही जित्या माणसाचं म्युझियम करून ठेवलं!

२९ ऑक्टोबर

वरच्या गॅलरीतला गोडलिंब झडायला लागलाय. माती उकरून हुंगली – संत्र्याचा वास! नानांच्या पोटॅशियमच्या औषधाचा वास. म्हणजे स्वारी गेले कित्येक दिवस औषध कुंडीला पाजतेय.

मला तर घामच फुटला. सप्टेंबरात पोटॅशियम उतरलं तेव्हा दवाखान्यात भरती करावं लागलं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतील, या वयात निभावणार नाही. आणि हे बसलेत झाडाला डोस देत! जाब विचारला तर म्हणाले, प्लास्टिकच्या टोपणातून औषध पितात होय कुणी? पोरांच्या भातुकलीतलं टोपण ते.

३१ ऑक्टोबर

अभिजीत रागावून झाला, मी गोड बोलून झाले, तन्वी फोनवर शपथ घालून झाली. दगडावर पाणी.

१ नोव्हेंबर

आज जिना चढताना नानांना धाप लागली, मधल्या पायरीवर बसले. मी हात दिला तर म्हणाले, जा, गिऱ्हाईक खोळंबलं असेल. मला रडूच आलं. रुसलेत माझ्यावर आणि जीव टांगणीला लावलाय स्वतःचा. एवढा प्रेमाचा माणूस, आणि हट्ट म्हणाल तर खास नागपुरी.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज हाट, त्यामुळे दुकानात ही गर्दी! भाजीच्या पिशव्या काउंटरवर ठेवून बायका कपाट बघत होत्या. एका आजींनी बोट दाखवलं – ये शीशी! डॉक्टर साहब यही देते थे. नानांना सगळे डॉक्टर साहबच म्हणायचे. म्हणाल्या, हाथ में देने से पहले बुलवाते थे, हिलाकर, खाने के बाद, निशान तक.

खरंच की. नानांचा नेमच होता तो. बाटली द्यायची, पण गिऱ्हाइकाने ते तीन शब्द म्हणून दाखवल्याशिवाय हातातून सोडायची नाही. मग तो तहसीलदार असो की हमाल.

बस्स, डोक्यात दिवा पेटला! गर्दी ओसरल्यावर कपाट उघडलं, बाटली काढली, उकळत्या पाण्यातून काढून वाळवली. दिवसाचं औषध डॉक्टरांनी सांगितलं तेवढ्या पाण्यात मिसळून भरलं, तीन डोस. कागदाची पट्टी घेतली, सारख्या घड्या घातल्या, कडेला कात्रीने खुणा कातरल्या, कणकेच्या खळीने चिकटवली. वर नेली. म्हटलं, नाना, डॉक्टरांनी मिक्श्चर दिलंय. हलवून, जेवणानंतर, खुणेपर्यंत.

नानांनी बाटली उजेडाकडे धरली. फिरवली. पट्टीवरून अंगठा फिरवला, बराच वेळ. मी श्वास रोखून उभी. मग हलवली, आणि प्यायले! मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले. आता रोज सकाळी ताजी भरायची.

४ नोव्हेंबर

प्यायले.

७ नोव्हेंबर

रोज पितात, तोंड वाकडं न करता. धापही कमी वाटतेय. एवढंच की सकाळचा डोस खुणेच्या खाली बोटभर जास्तच जातो, रोज! डोळे अधू झालेत बिचाऱ्यांचे. दिवसाचं माप तेवढंच राहतं, म्हणून मी बोलत नाही. उगाच दुखावतील.

कपाटात बाटलीची जागा रिकामी, खाली नुसती चिठ्ठी. कुणी विचारलं तर सांगते, ड्यूटीवर गेलीय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रिपोर्ट आला. पोटॅशियम नॉर्मल! डॉक्टर म्हणाले, हेच चालू ठेवा. पोहे-जलेबी मागवली. कुंडीतल्या गोडलिंबालाही नवी पालवी फुटलीय, औषध सुटल्यामुळे.

आनंदाच्या भरात अभिजीतला म्हटलं, बघ, डॉक्टर साहबांना त्यांच्याच बाटलीने गंडवलं की नाही! तो म्हणाला, हळू बोल, बाबांचे कान अजून शाबूत आहेत.

दुकानात मात्र अजून येत नाहीत. ते एक राहिलंच.

१४ नोव्हेंबर

सणसणून ताप. घसा धरलाय, डोळे उघडवत नाहीत. फार्मासिस्ट नाही म्हणजे दुकान बंद. अभिजीत शटर ओढून आला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी जाग आली तर उशाशी बाटली. तशीच चपटी, दुसरी. आत आल्याचा काढा, बाहेर ताजी पट्टी, खळ अजून ओली. वरची खूण बाकीच्यांपेक्षा लांब. शेजारी नाना, इस्त्रीचा शर्ट घालून.

म्हणाले, “बाटली खांद्याशी निमुळती होते, तिथं पट्टी लांब सोडायची. तू सारख्या घड्या घातल्यास. माझा सकाळचा डोस रोज कमी भरत होता.”

म्हणून ते बोटभर जास्त! पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं यांना. मी कसंबसं विचारलं, मग बोलला का नाहीत?

“जन्मभर मी लोकांना पट्ट्या कापून दिल्या. मला कुणी कापून देईल असं वाटलं नव्हतं.”

बाटली माझ्या हातात दिली, पण सोडेनात. मी बसक्या आवाजात म्हटलं – हलवून, जेवणानंतर, खुणेपर्यंत. तेव्हा सोडली, खुंटीवरची किल्ली घेतली आणि दुकान उघडायला खाली गेले.