माहरुख मावशीचा चहा

प्रिय माहरुख मावशी,

शिराजच्या बसथांब्यावर बसलोय. समोर एक मांजर चक्क टरबूज खातंय. असो.

कादंबरीला सरकारी परवानगी मिळाली. तपासनीस म्हणाले होते, "लग्नात मावशी नाचते, तेवढं काढा." मग तू नाचायला उठलीस, की मी तुला चहा करायला आत पाठवत गेलो. वाटलं, पुस्तकातून तू गेलीसच.

काल पुस्तकविक्रेता बहमन हसत म्हणाला, "काय रे, लग्नात गाणं लागलं, की ही मावशी चहाला! हिचा चहा संपतच नाही! बाई भलतीच नाचरी दिसते."

"आहेच," मी म्हणालो.

हे पत्र मात्र तुझ्याकडे हॅम्बुर्गला धाडणार नाही. वाटेत कुणी फोडून वाचलं, तर दुसऱ्या आवृत्तीतून चहाही काढायला लावतील.

तुझ्याच तालावर वाढलेला,
सियामक